बाबा, आईमार्फत

लक्ष्मी रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात, ऐन दिवाळीच्या गर्दीत, काउंटरमागच्या माणसाने फ्रॉकचा गठ्ठा पुढ्यात टाकत विचारलं, “केवढी आहे मुलगी?” दादा बोलला नाही. त्याने उजवा हात आडवा धरला, पंजा जमिनीकडे, आणि कमरेच्या जरा खाली हवेत थांबवला. मग चार बोटं वर नेला. परत खाली आणला. नव्या कापडाच्या खळीचा वास, डोक्यावर गरगरणारे पंखे, मागून रेटणाऱ्या बायका, आणि या सगळ्यात माझ्या भावाचा तो अधांतरी हात. “अहो, 28 देऊ का 30?” माणूस घाईत होता. “30 द्या,” दादा म्हणाला, “मोठा झाला तर पुढच्या वर्षी होईल.” माणसाने बिल फाडलं आणि म्हणाला, “जपून ठेवा, आठ दिवसांत बदलून मिळेल.” आठ दिवसांत बापलेकीची भेटच नव्हती. पुढची भेट दिवाळीनंतरची होती.

तो हात कित्येक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दादाने तिला पाहिलंच नव्हतं असं नाही. पंधरवडाही झाला नव्हता. पण घरात असताना मूल आपल्या अंगाला लागून वाढतं. उचलताना वजन कळतं, आंघोळ घालताना खांदे कळतात, झोपलेलं असताना पाय गादीच्या कुठवर पोचले ते दिसतं. भेटीच्या खोलीत ते समोर खुर्चीवर बसलेलं असतं. बसलेल्या मुलाची उंची कशी कळणार? म्हणून दादाचा हात शेवटची ठाऊक असलेली उंची शोधत होता, आणि ती उंची दोन वर्षांपूर्वीची होती.

पुढे तीनेक वर्षांत त्यांच्या भेटी थांबल्या. कोर्टाने थांबवल्या नाहीत, कुणी दार लावून घेतलं नाही. थांबल्या. घटस्फोटानंतर बाप मुलांपासून तुटतो तेव्हा लोकांकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, पुरुष असलेच, त्यांना मोकळं व्हायचं असतं. दुसरं, बायकोने मुलाचे कान भरले. आमच्याच घरातल्या एका लग्नात एकाच पंगतीत ही दोन्ही उत्तरं मी ऐकली आहेत, आणि दोन्ही देणाऱ्यांना दादाचं चाललेलं सगळं माहीत होतं. अशी माणसं असतात, नाही असं नाही. पण मी जे जवळून पाहिलं ते या दोन्हींत बसत नाही, आणि ते शोधायला मला आमच्या लहानपणात जावं लागतं.

आमचे बाबा वीज मंडळात होते. आज परभणी, उद्या भंडारा, अशा बदल्या. आम्ही आईबरोबर एका जागी, शाळा बुडू नये म्हणून. बाबांची निळी आंतर्देशीय पत्रं यायची. ती आईच्या नावाने असायची आणि आत सगळं आईशी बोलणं असायचं: मनीऑर्डर मिळाली का, घरमालकाला काय सांगितलंस, छपराचं काम पावसाआधी करून घे. घडीच्या अगदी कडेला, जिथे डिंक लावायचा तिथे, बारीक अक्षरात एक ओळ. “चि. मुलांना आशीर्वाद. अभ्यास करा म्हणावं.” आमच्या वाट्याला बाबा त्या ‘म्हणावं’मधून यायचे. आई ती ओळ मोठ्याने वाचायची, आणि आम्ही मान डोलवायचो. दसरा जवळ आला की आई आमची पावलं वहीच्या कागदावर ठेवायला लावायची. पेन्सिल तळव्याच्या कडेने फिरवताना गुदगुल्या व्हायच्या, पाय हलला की ती टपली मारायची. मग त्या कागदावर ‘मोठा’ आणि ‘धाकटी’ असं लिहून ते पाकिटातून बाबांकडे जायचे. बाबा रजेवर आले की पिशवीतून चपला निघायच्या आणि त्या बरोब्बर व्हायच्या. आम्हाला वाटायचं, बाबांना आपलं सगळं कळतं.

त्यांना आमची माया होती. आमचं माप आईकडे होतं.

आमच्या घरांतून हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मूल कितवीत आहे, त्याला कुठली लस राहिली आहे, बाईंचं नाव काय, रात्री कशाला घाबरतं, हे सगळं आईच्या डोक्यात असतं. बापाला ते तिच्याकडून कळतं, जेवताना, दिवा मालवताना, दोन कामांच्या मधे. दादा तर आमच्या बाबांपेक्षा कितीतरी जास्त करणारा. पोरीला स्कूटरवर पुढे उभं करून पर्वतीपर्यंत चक्कर, रात्री तिच्या उशाशी बसून रचलेल्या गोष्टी, रविवारी तिच्या केसांना तेल. तरी शाळेचा गणवेश, डॉक्टरांची फाइल, वाढदिवसाला कुणाकुणाला बोलवायचं, हे वहिनीकडे. मुलगी रागावलेली असेल तर समजूत कशी काढायची, हेसुद्धा वहिनीच त्याला दाराआडून खुणेने सांगायची. लग्न मोडलं तेव्हा त्या दोघांना वाटलं, आपल्या दोघांमधलं काय ते संपलं. दादाला हे कळायला वेळ लागला की मुलीकडे जायचा त्याचा रस्ता वहिनीच्या अंगणातूनच होता.

लग्न का मोडलं ते इथे लिहीत नाही. ते त्या दोघांचं आहे.

भेटीचा आदेश झाला: महिन्यातून दोन शनिवार, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, दोन तास. कोर्टाच्या भाषेत याला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतात आणि तिथे येणारे सगळेच, अगदी नऊवारीतल्या आज्यासुद्धा, हाच शब्द वापरतात. “आज आमचा अ‍ॅक्सेस आहे.” मी दादाबरोबर काही वेळा गेले आहे. भिंतीवर रंगवलेला जिराफ, एक घसरगुंडी, सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या. एका खोलीत पाच-सहा बाप एकाच वेळी पाच-सहा मुलांशी बोलायचा प्रयत्न करत असतात. प्रत्येकाच्या हातात पिशवी. आमच्या आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा दादाच्या पिशवीत असायचा. मुलगी लाडू हातात धरून बसायची. “शाळा कशी चाललीय?” “छान.” “मैत्रिणी?” “आहेत.” “अभ्यास?” “होतो.” घरात असताना मुलांशी असं कुणी बोलतं का? घरात बोलणं कामातून निघतं. भाजी निवडताना, बुटाची नाडी बांधताना, बस चुकल्यावर. खुर्चीवर समोरासमोर बसलं की उरतात ते प्रश्न. दोन तासांपैकी पहिला तास लाजण्यात जायचा आणि मुलगी जरा मोकळी होऊन त्याच्या खांद्यावर चढायला लागली की घड्याळात वेळ झालेली असायची. परत निघताना दादा गप्प, आणि मला रिक्षाच्या आवाजात बरं वाटायचं.

मग एका शनिवारी तिला ताप. पुढच्या शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस, आणि आठ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला जायचं नसतं का? नंतर परीक्षा. नंतर दादाला ऑफिसने हैदराबादला पाठवलं. तो रात्रीच्या बसने शनिवारी पहाटे पोचायचा, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि मुलगी त्याच्याकडे बघून आईच्या मागे सरकायची. एकदा तो पोचला आणि मायलेकी येणार नाहीत असा निरोप आला, एकदा त्या येऊन बसल्या आणि याची बस सोलापूरच्या अलीकडे बंद पडली. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी या दोन्ही प्रसंगांचे अर्ज केले. अर्जावर म्हणणं मांडायला तारीख, मग युक्तिवादाला तारीख. मूल मोठं व्हायचं थांबत नाही, तारखा मात्र सहा-सहा आठवड्यांनी पडतात.

कायद्यात काय नाही म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आजही बाप हा नैसर्गिक पालक म्हणून पहिला लिहिलेला आहे आणि पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं, असं त्याच कलमात पुढे आहे. कागदावरचं पहिलेपण बापाचं आणि मांडीवरचं मूल आईचं, ही विभागणी म्हणजे आमच्या घरांचंच चित्र. विधी आयोगाने 2015च्या अहवालात दोघांनी मिळून ताबा घेण्याची सोय कायद्यात करा असं सुचवलं. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की मुलाला दोघांचीही माया मिळायला हवी, तो त्याचा हक्क आहे. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला, काही खास कारण नसेल तर, मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं तरी बोलता यावं, व्हिडिओ कॉलचीही सोय असावी. पाच-दहा मिनिटं, पण रोज! मला तो आकडा वाचून भरून आलं होतं. महिन्याच्या दोन शनिवारांपेक्षा ते किती शहाणपणाचं आहे! रोज बोललं की “आज डब्यात काय होतं” एवढं विचारून पुरतं. पण आमच्याकडे तोवर फार उशीर झाला होता.

आणि पैसा. पोटगी आणि भेट या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट मिळो न मिळो, मुलाचा खर्च द्यायचाच असतो, आणि पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही. पण कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून ऐका. “भेटू देत नाही तर पैसे कशाला द्यायचे?” आणि दोन पावलांवर दुसरीकडे, “पैसे देत नाही तर भेटायला तोंड कुठलं?” मधल्या काळात दादाची नोकरी गेली तेव्हा तीन हप्ते थकले, आणि त्या महिन्यांत तो भेटीलाही गेला नाही. कुणी अडवलं नव्हतं. रिकाम्या हाताने पोरीसमोर जायला त्याला लाज वाटली. बाप म्हणजे आणून देणारा, हे त्यानेही बाबांकडूनच उचललेलं. आणायला काही नसलं तर आपण कोण म्हणून जायचं, हा प्रश्न त्याला खरंच पडला होता. मला वाटतं, रागापेक्षा या लाजेने जास्त बाप गमावले आहेत.

वहिनीची बाजू मी तिच्या तोंडून ऐकली आहे. आम्ही अजून बोलतो, वर्षातून एखाद-दोनदा, आणि मी तिला अजून वहिनीच म्हणते. ती म्हणाली, “अगं, आठवडाभर नोकरी करून शनिवारी एक सुट्टी. त्यात पोरीला तयार करा, दोन बस बदला, ज्या माणसाशी इतकं भांडण झालं त्याच्यासमोर बाकावर दोन तास बसा. घरी आल्यावर ती जेवत नाही, रात्री अंथरूण ओलं करते. ते निस्तरणार कोण? आणि तो आला नाही त्या दिवशी तिला काय सांगायचं, ते कोण ठरवणार?” तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि जिथे बाप दारू पिऊन मारहाण करायचा, जिथे भेटीच्या निमित्ताने पत्ता काढून धमक्या दिल्या जातात, तिथे तो लांब आहे हेच बरं आहे. भेटीचा हक्क बायकोला जेरीला आणायला वापरणारे पुरुषही त्या खोलीत बसलेले मी पाहिले आहेत. त्यांचं लक्ष मुलाकडे नसायचं, दाराकडे असायचं, ती बाहेर कुणाशी बोलते आहे याकडे.

हे शहरातलं, कोर्टातलं, आजकालचं काही आहे असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगते. आम्ही तालुक्याच्या गावी असताना तो माझ्या बाकाच्या मागे बसायचा. आजोळी वाढलेला. त्याच्या आईला नवऱ्याने टाकलं होतं. कोर्ट नाही, कागद नाही, माहेरी आणून सोडली आणि दुसरी केली. बाप जवळच्याच गावात. गुरुवारच्या बाजारात मी एकदा त्याच्याबरोबर होते. तो अचानक मिरच्यांच्या ढिगाजवळ थांबला आणि म्हणाला, “ते बघ, माझे वडील.” पांढरी टोपी, हातात कांद्याची पिशवी, दोन पालांपलीकडे भाव करत होते. त्यांनी इकडे पाहिलं. ओळखलं, हे माझ्यासारख्या लहान मुलीलाही कळलं. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वळून चालायला लागले. तो मुलगा मिरच्या मोजून घेत राहिला. अशा टाकलेल्या बायकांचा प्रश्न घेऊन 1980च्या दशकात संगमनेरमधून परित्यक्तांचं आंदोलन उभं राहिलं, त्यांच्या पोटगीचा, रेशनकार्डाचा, घराचा हक्क मागितला गेला, तेव्हा कुठे या बायका मोजदादीत आल्या. 2011च्या जनगणनेतही घटस्फोटित म्हणून नोंदलेल्यांच्या दुपटीहून जास्त माणसं ‘विभक्त’ या रकान्यात आहेत. म्हणजे त्यांतल्या कित्येकांच्या मुलांना दोन शनिवारांचाही आदेश नाही. बाजारात दिसला तर बाप.

एडवर्ड क्रुक नावाच्या अभ्यासकाने 1990च्या आसपास कॅनडा आणि स्कॉटलंडमधल्या घटस्फोटित बापांशी बोलून एक गोष्ट मांडली होती, ती वाचल्यापासून मी दादाकडे वेगळं बघायला लागले. त्यांना असं दिसलं की लग्न टिकलेलं असताना मुलांत फार गुंतलेले बापच पुष्कळदा पुढे तुटले, आणि आधी जरा लांबून असणारे भेटी टिकवून राहिले. ज्याला रोज उशाशी बसून गोष्ट सांगायची सवय होती, त्याला कोणाच्या तरी देखरेखीखाली जिराफाच्या चित्राखाली बसून लेकीला भेटणं सोसत नाही. दादा एकदा मला म्हणाला होता, “मी तिचा पाहुणा झालोय गं. प्रत्येक वेळी निघताना ती मला ‘थँक्यू’ म्हणते.” ते त्याला सहन झालं नाही. त्यानंतरच्या दोन भेटी त्याने कारणं सांगून टाळल्या आणि मग तो म्हणायला लागला, “माझ्या येण्या-जाण्याने तिची ओढाताण होते. तिच्या भल्यासाठीच मी लांब राहतो.” मला त्याचं दुःख कळतं, पण हे वाक्य मला कधीच पटलं नाही, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलं आहे. मुलगी भलं-बुरं मोजत नव्हती. ती शनिवार मोजत होती. दहा वर्षांच्या मुलीला बापाच्या मनातली ओढाताण दिसत नाही, तिला रिकामी खुर्ची दिसते.

बाप तुटतो तेव्हा तो एकटा तुटत नाही, हे मला आत्या म्हणून सांगायचं आहे. तिच्या बारशाला पाळण्याखालून वरवंटा फिरला, “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” झालं, आणि मी वाकून तिच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं. पाठीवर बायकांचे धपाटे पडले, सगळ्यात जोराचा वहिनीच्या आईचा. घुगऱ्यांचा वास, नव्या दुपट्याचा मऊपणा, तिच्या कानाची ती पापडी. ते नाव तिला मी दिलं, आणि ती मोठी झाली तसा तिचा आवाज कसा झाला आहे हे मला ठाऊक नाही. आमची आई तर शेवटच्या आजारपणातही दिवाळीचे लाडू करायला लावायची आणि एक डबा बाजूला काढून ठेवायची. संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत तो तसाच असायचा. आजी-आजोबा, काका, आत्या यांना भेटायला कुठला शनिवार असतो?

आणि नाव मात्र राहतं. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, हजेरीत, दाखल्यावर, बँकेत, बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर. 2024च्या मे महिन्यापासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नावही मधे लिहायचं ठरलं आहे, फार चांगलं झालं. पण आमच्या मुलीच्या वेळी ते नव्हतं. तिने आयुष्यात जितक्या वेळा स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं असेल तितक्या वेळा माझ्या भावाचं नाव लिहिलं. ती दहावीला होती त्या वर्षी निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता दादा हैदराबादहून मला फोन करून म्हणाला, “साइट उघडलीय.” बोर्डाच्या त्या पानावर दोन रकाने असतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. आईचं नाव त्याने भरलं होतं. बैठक क्रमांक त्याच्याकडे नव्हता. तो बराच वेळ फोन धरून बसला होता, मागे त्याच्या ऑफिसमधली माणसं बोलत होती. शेवटी मी वहिनीला मेसेज केला. तिने लगेच टक्केवारी पाठवली आणि खाली लिहिलं, “दादांना सांगा.” म्हणजे परत मार्फतच. या वेळी माझ्या.

यंदा ती अठराची झाली. आता ताबा नाही, अ‍ॅक्सेस नाही, कुठल्या अर्जाला अर्थ नाही. दादा म्हणाला, “तू बोल ना तिच्याशी. आत्या म्हणून.” मी नाही म्हणाले. त्याला म्हटलं, पत्र लिही, तिच्या नावाने, तिच्या पत्त्यावर. पत्ता तुला ठाऊक आहे, घर तेच आहे. त्याने लिहून मला पाठवलं. चार पानं होती. त्यातली साडेतीन पानं कोर्टाची, कोण कधी आलं नाही, कोणी काय अर्ज केला, हैदराबादच्या बसेस. मी ती सगळी काढायला लावली. आईबद्दल एक अक्षर नको म्हटलं, चांगलंही नको. उरलं ते एवढंच: तो कुठे राहतो, सकाळी किती वाजता कामाला जातो, त्याच्या खोलीसमोर कुठलं झाड आहे, आणि तिला वाटेल तेव्हा वाटेल ते विचारायला त्याचा फोन नंबर. माफी एका ओळीत, कारणांशिवाय. उत्तर दे असं कुठेही नाही.

ते पत्र जूनमध्ये गेलं. उत्तर आलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी फोनवर विचारलं, दुसरं लिहायला घेतलंस का, लिहिलंस तर पाठव, बघते. तो म्हणाला, “टाकलं पेटीत. तुला नाही दाखवलं.”